आढ्याच्या अलीकडे-पलीकडे

इंदूर सपाट आहे, असं इंदुरात राहणाऱ्या बहुतेकांना वाटतं. राजवाड्यापासून पलासियापर्यंत, जुन्या गल्ल्यांपासून विजयनगरच्या रुंद रस्त्यांपर्यंत कुठेही दम लागावा असा चढ नाही. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आपण राहतो, हे शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं असतं आणि परीक्षेनंतर डोक्यातून गेलेलंही असतं. मला ते नव्याने शिकवलं सायकलने. पहाटे घरून निघून महूच्या दिशेला पायडल मारायला लागलं की रस्ता डोळ्यांना सरळच दिसतो, पण पायांना तो किंचित वर चाललेला कळतो. महू मागे पडलं, बडगोंद्याची वाट धरली, की शेतं उंचसखल होतात, गव्हाच्या पट्ट्यांमध्ये पळसाची झुडपं घुसतात, मग साग सुरू होतो. आणि जाम दरवाज्यापाशी जमीन एकाएकी संपते. समोर, खूप खाली, निमाड पसरलेलं असतं, धुरकट आणि उष्ण. त्याच्याही पलीकडे नर्मदा.

मालव्याचं पठार दक्षिणेला उंच आहे आणि उत्तरेकडे कलतं. त्याची दक्षिण कड म्हणजे विंध्याचा कडा. कौलारू घराच्या आढ्यावर पाऊस पडला की एक थेंब अंगणाकडे घरंगळतो आणि त्याच्या शेजारचा परसाकडे. या कड्यावर नेमकं तेच घडतं. अलीकडे पडलेला थेंब उत्तरेला निघतो, चंबळेतून, गंभीरेतून, क्षिप्रेतून यमुनेला आणि गंगेला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात जातो. पलीकडे पडलेला थेंब चोरल नदीतून किंवा एखाद्या बिननावाच्या नाल्यातून नर्मदेत उतरतो आणि भडोचच्या पुढे खंबातच्या आखाताला लागतो. दोन थेंबांमध्ये पडताना हातभराचं अंतर, आणि पोहोचताना अख्खा देश मध्ये. हे नकाशात पाहिलं तर एक बारीक तुटक रेघ दिसते. सायकलवर ती रेघ शरीरातून जाते. ज्या क्षणी पायांवरचा भार हलका होतो, मागच्या चाकाची टिकटिक ऐकू येऊ लागते आणि हात आपोआप ब्रेकवर जातात, त्या क्षणी आपण आढं ओलांडलेलं असतं.

म्हणून मला दऱ्याखोऱ्यांतून फिरायला सायकलच लागते. पायी चालण्यात जमीन जवळून दिसते, पण एका दिवसात एक खोरं ओलांडून दुसऱ्यात जाणं होत नाही. मोटारीत दोन खोरी ओलांडली जातात, पण चढ इंजिनाला कळतो, आपल्याला नाही. सायकलवर सकाळी मालव्याच्या थंडीत निघालेला माणूस दुपारी निमाडच्या उन्हात असतो, आणि मधला प्रत्येक मीटर त्याच्या मांड्यांनी मोजलेला असतो. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून, वजन जितकं खाली ठेवता येईल तितकं ठेवून, पुढची लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती यांच्या भरवशावर घाट चढता येतो. वेग माणसाच्या चालीपेक्षा थोडाच जास्त असतो. तेवढ्या वेगात रस्त्याकडेच्या झाडाची साल दिसते, नाल्याचं पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते दिसतं, आणि समोरून येणाऱ्या माणसाला राम राम म्हणून त्याचं उत्तर ऐकण्याइतका वेळ मिळतो.

जानापावला एकदा तरी जावं. महूजवळच्या या डोंगराची उंची साडेआठशे मीटरच्या वर आहे आणि आजूबाजूच्या मुलखातलं ते सगळ्यात उंच ठिकाण. वर जमदग्नींचा आश्रम होता, परशुरामाचा जन्म इथला, अशी श्रद्धा आहे. कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते. एक कुंड आहे. चंबळ इथून निघते. या डोंगरातून निघणाऱ्या सात-साडेसात नद्यांची नावं लोक सांगतात, काही या अंगाच्या, काही त्या अंगाच्या. डोंगराचा शेवटचा चढ खडा आहे, तिथे मी उतरून सायकल ढकलते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. वर पोहोचल्यावर उत्तरेकडे पाहिलं की मालव्याची शेतं दिसतात, आणि त्या शेतांमधून जी नदी पुढे साडेनऊशे किलोमीटर जाऊन यमुनेला भेटते, जिच्या काठच्या घळी देशभर माहीत आहेत, ती इथे कुंडातल्या शांत पाण्याएवढीच असते.

महू हे या वाटेवरचं न्याहारीचं गाव. पोहे-जलेबी, वर शेव आणि जिरावण. 1818 च्या मंदसौर तहानंतर इंग्रजांनी इथे छावणी बसवली. 14 एप्रिल 1891 ला बाबासाहेब आंबेडकर याच गावात जन्मले. पण घाटाच्या वाटेवर मला दर वेळी आठवतात ते विष्णुभट गोडसे. 1857 साली कोकणातल्या वरसईहून काकांबरोबर दक्षिणेच्या आशेने ग्वाल्हेरकडे निघालेला हा भिक्षुक ब्राह्मण सातपुडा ओलांडून, नर्मदा उतरून, विंध्य चढून महूपाशी पोहोचला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. त्याचं पुस्तक, ‘माझा प्रवास’, 1907 साली छापलं गेलं. लोक ते झाशीसाठी वाचतात. मला त्याचं पायी चालणं जास्त दिसतं: पाठीवर वळकटी, खांद्यावर पडशी, आणि पुढे कोणता घाट, कोणती नदी, याची चौकशी. वाटेची माहिती तेव्हा वाटेवरच्या माणसांकडूनच मिळायची. अजूनही सगळ्यात खरी माहिती तीच असते. पुढे रस्ता खचलाय का, नाल्याला पाणी किती, कुठल्या वस्तीवर कुत्री अंगावर येतात, हे मोबाइलच्या नकाशात नसतं. म्हशी घेऊन निघालेल्या मुलाला असतं माहीत.

बडगोंद्याच्या पुढे वनखात्याचं जंगल आहे. पानगळीचं कोरडं जंगल: साग, धावडा, सालई, तेंदू, पळस, मोह, आणि मधूनच पांढऱ्या खोडाचं कांडोळ, जे उन्हाळ्यात सगळी पानं टाकून एखाद्या हाडासारखं उभं असतं. पावसाळ्यात सागाला पांढुरके तुरे येतात. फाल्गुनात पळस पेटतो आणि मोहाची फुलं पडू लागतात; तेव्हा पहाटे बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वेचत असतात आणि सगळ्या वाटेवर तो गोड, जड वास असतो. बिबटे इथे आहेतच. 2023 च्या उन्हाळ्यात महूच्या परिसरात वाघ वावरला आणि बऱ्याच दिवसांनी लोकांच्या बोलण्यात जंगल हा शब्द धास्तीने आला. त्या दिवसांत मी तिकडे गेले नाही. पण वाघाने यावं इतकं हे रान अजून सलग आहे, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

जाम दरवाजा अहिल्याबाईंनी 1791 साली बांधला. राजधानी महेश्वरला, मुलूख मालव्यात. दोन्हींच्या मध्ये हा कडा. कड्याच्या ऐन माथ्यावर, वाट जिथे पठारावर चढून येते तिथे, दगडी कमान आणि वर बसायच्या जागा. खालून येणाऱ्या बैलांना इथे दम घ्यावा लागत असणार, माणसांना सावली लागत असणार. आता पावसाळ्याच्या रविवारी इथे गाड्यांची रांग लागते, भुट्टे भाजले जातात, फोटो निघतात. मी आठवड्याच्या मधल्या दिवशी, हिवाळ्यात, सकाळी नऊच्या आत इथे पोहोचायचा प्रयत्न करते. त्या वेळी खालच्या दरीत धुकं असतं आणि कमानीतून वारा वर येत असतो, खालचा, किंचित कोमट.

उतार हा चढापेक्षा अवघड असतो, हे नव्या सायकलवाल्याला पटत नाही. चढात फक्त दम जातो. उतारात भरलेली सायकल स्वतःच्या वजनाने पळते, वळणापाशी खडी असते, आणि ब्रेक सतत दाबून धरला तर तापतो. म्हणून थोडा पुढचा, थोडा मागचा, असा आळीपाळीने दाबायचा, वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. लक्ष दहा-पंधरा मीटर पुढे. एवढं सांभाळलं की मग उतार सगळं देऊ लागतो. दर दोन वळणांनी हवा बदलते. मालव्यात घातलेलं जाकीट अर्ध्या घाटात काढावं लागतं. साग विरळ होतो, अंजन दिसू लागतो, काळ्या मातीत कापूस येतो, मग मिरची आणि पपई. लोकांच्या बोलण्याचा सूरही बदलतो, माळवीची निमाडी होते. तासाभरात दुसऱ्याच प्रदेशात आणि जवळपास दुसऱ्याच ऋतूत येऊन पडल्यासारखं वाटतं.

या घाटात चढणारं आणखी कुणीतरी आहे, आणि ते मला अगदी अलीकडे दिसू लागलं. ते म्हणजे पाणी.

पूर्वी इंदूरची तहान बिलावली, सिरपूर ही तळी आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर भागवत असत. शहर वाढलं, पाणी पुरेना. 1970 साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदुरात मोठं आंदोलन झालं, आणि 1978 मध्ये नर्मदा शहरात आली. मंडलेश्वरजवळच्या जलूद इथे नदीतून पाणी उचलतात. तिथून सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रवास, आणि त्यात विंध्याचा हा सगळा कडा. टप्प्याटप्प्यावरचे पंप पाणी वर ढकलत वांचू पॉइंटपर्यंत आणतात, आणि तिथून पुढे ते उताराने आपोआप इंदूरकडे वाहत येतं. म्हणजे पाण्यालाही घाटाचा माथा गाठेपर्यंतच कष्ट आहेत. पुढे पठाराचा उत्तरेकडचा कल त्याला सांभाळून घेतो, जसा तो परतीच्या वाटेवर मला सांभाळून घेतो.

नदीपासून माथ्यापर्यंत पाचशे मीटरहून जास्त चढ. एक हजार लिटर पाणी, म्हणजे आपल्या गच्चीवरची एक साधी टाकी, तेवढं वर न्यायला, पंपातली आणि नळातली तूट धरून, साधारण दोन युनिट वीज लागते. कागदावर दोन युनिट म्हणजे काहीच नाही. पण मी, माझी सायकल आणि तिच्यावरचं सामान मिळून ऐंशी-पंचाऐंशी किलो भरतं. हजार किलो म्हणजे माझ्यासारखे बारा जण. गच्चीवरची एक टाकी भरते तेव्हा सामानासकट बारा सायकलस्वार अख्खा घाट चढून आलेले असतात. असं पाहिलं की नळाखाली बादली भरून वाहताना बघवत नाही. या चढाचं वीजबिल महापालिकेला किती जड जात असेल ते वेगळं सांगायला नको. 2023 च्या फेब्रुवारीत इंदूर महापालिकेने हरित रोखे काढून 244 कोटी रुपये उभे केले, ते जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. निमाडचं जे ऊन दुपारी माझा जीव काढतं तेच आता पाणी वर चढवायला कामी येणार. या बातमीने मला मनापासून आनंद झाला होता.

आणि वर आलेलं हे पाणी पुढे कुठे जातं? स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, गटारातून कान्ह नदीत. कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. नर्मदेचं जे पाणी अरबी समुद्रात जायचं होतं, ते माझ्या घरातून होऊन बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतं. निसर्गाने लाखो वर्षं आखून ठेवलेली पाणलोटाची रेघ माझ्या मोरीत रोज ओलांडली जाते. 2014 साली तर ते उघडच झालं: इंदूरच्या दक्षिणेला उज्जैनी गावापाशी, क्षिप्रेच्या उगमावर, नर्मदेचं पाणी उचलून आणून सोडलं. 2016 च्या सिंहस्थात उज्जैनला ज्यांनी क्षिप्रेत बुडी मारली त्यांनी नर्मदेतही स्नान केलं. क्षिप्रेसारखी नदी, जिच्या काठावर महाकाल आहे, तिला स्वतःचं पाणी उरू नये याचं मला फार वाईट वाटतं. उज्जैनीच्या आसपासचे डोंगर सायकलवरून पाहिले की कारण समजतं. झाड नाही, पाऊस पडला की थांबायला जागा नाही. एखाद्या उगमाला बारमाही ठेवायचं तर पंपाच्या आधी त्या उतारावर रान लागतं, आणि ते उभं करायला पिढ्या जातात.

मंडलेश्वरहून महेश्वर आठ-दहा किलोमीटर. महेश्वरबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी घाटावर गप्प बसते. किल्ल्याच्या तटाखाली हातमागांचा खटखटाट ऐकते, नदीत पाय सोडते, दशमी-चटणी खाते. रात्र इथेच.

दुसऱ्या दिवशी नदीच्या उत्तर तीरावरून पूर्वेला, बडवाहच्या दिशेने निघायचं. हा रस्ता मला सगळ्यात प्रिय आहे, कारण परिक्रमावासी याच दिशेने चालत असतात. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचं, तिला ओलांडायचं नाही, हा नियम. त्यामुळे उत्तर तीरावर सगळे पूर्वेकडे, अमरकंटकच्या दिशेला जातात. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. आता बरेच जण काही महिन्यांत करतात, पण चालतातच. आणि त्यांच्यात मराठी माणसं किती असतात! गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ वाचून निघालेले मला भेटलेत, काहीही न वाचता निघालेलेही भेटलेत.

एका पिंपळाखाली एक मावशी बसल्या होत्या. पांढरं लुगडं, शेजारी कमंडलू आणि काठी. मी थांबून ‘नर्मदे हर’ म्हटलं.

“नर्मदे हर. कुठून आलीस गं उन्हाची?”

“इंदूरहून, मावशी. जामच्या घाटाने उतरले काल.”

“अगं, मराठीच की तू! आम्ही नगरकडचे. ओंकारेश्वराहून उचलली परिक्रमा. समुद्र झाला, आता अमरकंटक.” मग माझ्या सायकलकडे पाहत म्हणाल्या, “हिच्यावरनं करतात का गं कुणी?”

“करतात, मावशी. पण मी परिक्रमेत नाही. पुढे मोरटक्क्याला पूल ओलांडणार आहे.”

“ओलांड की. तुला कुठे बंधन.” थोडा वेळ पाणी पिण्यात गेला. मग म्हणाल्या, “तुमच्या इंदुरात म्हणे मैया नळाला येते. खरं का?”

“हो. आमच्या घरातही तेच पाणी.”

“मग तुझी रोजची अंघोळ मैयातच की गं!”

त्यांनी मला गुळाचा खडा दिला, मी त्यांना पिशवीतली दोन संत्री. त्या उठल्या आणि चालू लागल्या. मी सायकलवर बसले. दिशा एकच होती, पण त्यांच्यापुढे निघून जाणं मला जड गेलं, म्हणून बराच वेळ मी सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालले. त्यांच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, विहिरी जानेवारीतच तळ दाखवतात, हे त्या वाटेने बोलत होत्या. ज्यांच्याकडे पाण्याची अशी ओढ आहे ते लोक एखाद्या नदीभोवती अडीच-तीन हजार किलोमीटर पायी का चालतात, हे मला त्यांच्या बोलण्यात समजलं.

बडवाहजवळ चोरल नदी नर्मदेला मिळते. इथला चिवडा प्रसिद्ध आहे, तो घ्यावा. वेळ असेल तर मोरटक्क्याचा पूल ओलांडून, सनावदच्या पुढे, रावेरखेडीला जावं. 28 एप्रिल 1740 ला थोरल्या बाजीरावांनी तिथे, नदीकाठी, देह ठेवला. वय चाळिशीच्या आत. ऐन वैशाखात, निमाडच्या उन्हात, तापाने फणफणलेला तो माणूस आणि समोर वाहणारी नर्मदा. आयुष्यभर ज्याने नद्यांचे उतार पाहून फौजा नेल्या, चंबळ, यमुना, नर्मदा, कुठली कधी पायी उतरता येते हे ज्याला तोंडपाठ असणार, तो शेवटी एका उतारापाशीच थांबला. समाधी साधी आहे. तिथे पुण्याहून येणारे लोक मोटारीने येतात, फुलं वाहतात, तासाभरात जातात. मला वाटतं, तिथे एक रात्र राहावं आणि पहाटे नदीवर जाऊन तिची रुंदी पाहावी. ती मोकळी असताना फौजेला कुठून ओलांडता आली असेल, याचा अंदाज बांधत बसावं. धरणांनी इथलं पाणी आता अडलेलं, फुगलेलं असतं, म्हणून अंदाज अवघड जातो.

परतीचा घाट चोरलच्या खोऱ्यातून. खंडवा रस्त्यावर ट्रक फार, म्हणून बलवाड्यापर्यंत पहाटे उरकायचं आणि चोरल गावातून आत काळाकुंडकडे वळायचं. कच्ची वाट, नदी पुन्हा पुन्हा आडवी येते, पावसाळ्यानंतर पाणी पोटरीएवढं. सायकल खांद्यावर घेऊन दगडांवरून पार व्हायचं. दोन्ही अंगांना सागाचे डोंगर. आणि मग अचानक जंगलात एक रेल्वे स्टेशन.

या रेल्वेची गोष्ट होळकरांच्या इंदुराला ठाऊक असायलाच हवी. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रजांना खंडवा ते इंदूर लोहमार्गासाठी एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांसाठी. 1870 च्या दशकात मार्ग झाला. खंडवा-सनावद हा पहिला तुकडा 1874 च्या डिसेंबरात सुरू झाला. खरी कसोटी होती ती काळाकुंड ते पाताळपाणी या चढाची. अभियंत्यांना तो चाळीसास एकपेक्षा कमी करता आला नाही: चाळीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. रस्त्याच्या घाटात हेच प्रमाण दुप्पट-तिप्पट असतं आणि माझी सायकल तो चढते, पण आगगाडीला एवढाच चढ जिवावर येई. मागून दुसरं इंजिन लावून गाडी वर ढकलावी लागे. बोगदे, दगडी पूल, दरीच्या कडेने जाणारी वळणं, आणि खाली चोरलचं पाणी. 25 डिसेंबर 2018 पासून पाताळपाणी ते काळाकुंड हा तुकडा वारसा-गाडी म्हणून चालतो. काळाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानात कलाकंद मिळतो. घाट चढायच्या आधी तो खावा. चार पोळ्यांचं बळ त्यात आहे.

पाताळपाण्याला धबधबा, आणि टंट्या भिलाचं देऊळ. निमाडच्या गोरगरिबांचा हा टंट्या मामा, इंग्रजांना कित्येक वर्षं हुलकावणी देत याच खोऱ्यांतून फिरला. 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला त्याला फाशी दिलं आणि देह इथे आणून टाकला, असं लोक सांगतात. गाड्या इथे थांबून मामाला मुजरा करून पुढे जात, हेही सांगतात. या घळी सायकलवरून पाहिल्या की तो इतकी वर्षं कसा सापडला नाही याचं नवल वाटत नाही. प्रत्येक नाला दुसऱ्या नाल्यात उघडतो आणि ज्याला नाले माहीत, त्याला रस्त्याची गरज पडत नाही.

खंडव्याच्या रस्त्याचं सरकारी नाव इंदूर-एदलाबाद. एदलाबाद म्हणजे आपलं मुक्ताईनगर. हा रस्ता आता चौपदरी होतो आहे, आणि सिमरोल ते चोरल या पट्ट्यात डोंगरातून बोगदे काढले आहेत. भेरूघाटात आजवर जितके अपघात झाले ते पाहता बोगदे हवेतच. ट्रकवाल्याच्या घरीही कुणी वाट पाहत असतं. माझं मागणं वेगळं आहे. गाड्या बोगद्यातून जाऊ लागल्या की जुना घाटरस्ता रिकामा होईल. तो तोडू नये, विकू नये, त्यावर हॉटेलं बसवू नयेत. खड्डे भरावेत, कडेला कठडे ठेवावेत, दोन-तीन ठिकाणी पाण्याची सोय करावी, आणि तो सायकलींना, पायी जाणाऱ्यांना, बैलगाड्यांना आणि परिक्रमावाल्यांना देऊन टाकावा. जाम, चोरल, सिमरोल, पाताळपाणी या वाटा एकमेकींना जोडल्या तर इंदूरपासून नर्मदेपर्यंत जाऊन परत येणारं असं एक कडं तयार होईल की शाळेतल्या प्रत्येक मुलाला आठवी-नववीत एकदा त्यावरून न्यावं. पाणलोट, कडा, खचदरी, पानगळीचं रान, हे शब्द त्यांना मग पाठ करावे लागणार नाहीत.

तोवर आपण आपल्याकडून सुरुवात करायची. डिसेंबरात माझी भाची पुण्याहून येते आहे. ताम्हिणी, वरंधा तिने चढलेले आहेत, पण नर्मदा तिने पाहिलेली नाही. फोनवर तिने पहिला प्रश्न विचारला तो घाटाच्या लांबीचा आणि दुसरा जेवणाचा. मी तिला सांगितलं आहे: ब्रेकचे रबर नवे घालून आण, मागच्या चकत्यांमध्ये एखादी मोठी बसवून घे, थंडीचे कपडे एकावर एक घाल म्हणजे उतरताना काढता येतील. पाण्याच्या दोनच बाटल्या घे. मंडलेश्वरला पुन्हा भरून घेऊ.